जुनी फोर-बाय-फोर कोणासाठी बनली होती? माझगाव ते रायपूर

रायपूरच्या गोल बाजारात तंबूमुक्कामाचे बहुतेक सामान मिळते. तिरपाल, नायलॉनची दोरी, अ‍ॅल्युमिनियमची पातेली, बादली, चाळणी, मसाल्याच्या पुड्या: तीन-चार दुकाने फिरली की दोन पिशव्या भरतात. मिळत नाही ती फक्त गाडी. आणि दरवर्षी शेवटच्या वर्षाचे दोन-तीन विद्यार्थी नेमके त्याबद्दलच विचारायला येतात. "सर, जुनी जिप्सी घेऊ की जुनी थार? सफारी तर फारच स्वस्त मिळते आहे."

वाहन अभियांत्रिकीचा शिक्षक म्हणून मी अश्वशक्ती, टॉर्क आणि किंमत यांचा तक्ता काढून देऊ शकतो. पूर्वी देतही असे. पण वापरलेल्या गाडीच्या बाबतीत त्या तक्त्याचा फारसा उपयोग होत नाही, हे मला अनुभवाने कळले. आपल्या देशात चारही चाकांना शक्ती देणारी गाडी सहलीला जाणाऱ्या माणसासाठी फार उशिरा बनू लागली. त्याआधीची प्रत्येक गाडी दुसऱ्याच कोणासाठी तरी बनली होती: सैन्यासाठी, वनखात्यासाठी, धरणाच्या किंवा खाणीच्या कामासाठी. त्या पहिल्या ग्राहकाच्या गरजा गाडीच्या पाट्यांत, बाकांत आणि गिअरांत आजही शिल्लक आहेत. म्हणून या टिपणात तुलना आहे, पण ती इतिहासाच्या क्रमाने आहे.

चालत्या सैनिकाचा वेग

१९४० मध्ये अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांवर चालणारी टेहळणीची गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने त्याच वर्षी सप्टेंबरात नमुना दिला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. या गाडीची खरी करामत इंजिनात नव्हती, ट्रान्सफर केसमध्ये होती. गिअरबॉक्सच्या मागे बसवलेली ही पेटी दोन कामे करते. ती शक्ती पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला वाटून देते, आणि लो रेंजमध्ये वेग आणखी कमी करून चाकावरचा जोर वाढवते.

हिशोब करून पाहू. विलीजच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.६६५, ट्रान्सफर केसच्या लो रेंजचे १.९७ आणि अ‍ॅक्सलचे ४.८८. तिघांचा गुणाकार सुमारे २५.६ येतो. म्हणजे इंजिन मिनिटाला १००० फेरे फिरत असेल, तर चाक फक्त ३९ फेरे फिरते. त्या टायरचा परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास धरला, तर गाडीचा वेग ताशी पाच किलोमीटरच्या थोडा वर जातो. हा पायी चालणाऱ्या माणसाचा वेग आहे. सैनिकांच्या बरोबरीने, इंजिन बंद न पडता चालता आले पाहिजे ही जी गरज होती, ती या गुणाकारात उतरली आहे. मारुती जिप्सी किंगसाठी हाच गुणाकार ३२ च्या आसपास येतो, म्हणजे ती याहूनही सावकाश रांगते. घाटातल्या दगडी उतारावर ब्रेकला पाय न लावता गाडी उतरवता येते ती याच आकड्यामुळे. जुनी गाडी पाहायला जाताना अश्वशक्तीआधी हा आकडा विचारावा.

जुन्या जीपची पहिली मोठी खरेदी

आता थोडे विषयांतर, पण कामाचे. स्वातंत्र्यानंतर लगेच गाजलेल्या सरकारी व्यवहारांपैकी एक चक्क वापरलेल्या जीपच्या खरेदीचा होता. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये लढाई चालू होती आणि सैन्याला जीप तातडीने हव्या होत्या. लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपचा करार केला. व्यवहार सुमारे ८० लाख रुपयांचा होता आणि बहुतेक रक्कम आधीच देण्यात आली. आल्या त्या १५५ जीप, आणि त्याही वापरण्याजोग्या नसल्याची तक्रार झाली. संसदेत वर्षानुवर्षे वाद झाला. अखेर ३० सप्टेंबर १९५५ रोजी सरकारने प्रकरण बंद केल्याचे जाहीर केले. राजकीय बाजू इथे बाजूला ठेवू. अभियंत्याच्या नजरेने पाहिले, तर खालून पाहणी न करता जुन्या जीपचे पैसे आधी दिले, की काय होते याचा हा नमुना आहे.

मी स्वतः त्यातून काही शिकलो नव्हतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी जुनी डिझेल जीप घेतली. फोर-व्हीलचा दांडा छान पडत होता, आवाजही बरोबर येत होता. पहिल्याच सहलीत, सिरपूरजवळ महानदीच्या वाळूत, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी गाडीत असताना मागची चाके रुतली. दांडा टाकला, पुढची चाके हललीच नाहीत. खाली वाकून पाहिले तर पुढचा प्रोपेलर शाफ्टच नव्हता. डिझेल वाचावे म्हणून आधीच्या मालकाने तो कधीतरी काढून ठेवला होता आणि विकताना कोणी सांगितले नाही. गोल बाजारातून घेतलेले कोरे तिरपाल चाकाखाली घातले, ते फाटले. अंधार पडायच्या बेतात गावातला एक ट्रॅक्टर आला म्हणून निघालो. तेव्हापासून मी गाडी पाहायला जाताना आधी जमिनीवर सतरंजी टाकून खाली आडवा होतो. विक्रेते हसतात, हसू द्यावे.

माझगाव, कांदिवली, इगतपुरी

भारतातली जीप हा बराचसा महाराष्ट्राचा इतिहास आहे. १९४५ मध्ये लुधियानात 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. भागीदार मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. सुटे भाग आणून विलीज जीप जोडण्याचे काम मुंबईत माझगावला सुरू झाले, पुढे कारखाना कांदिवलीला गेला. उंच बॉनेटची सीजे-३बी ही जीप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद पडली, तरी इथे तिचे वंशज कितीतरी वर्षे बनत राहिले. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्ये आले. नंतर प्यूजोच्या परवान्याने इगतपुरीत बनणारे २.१ लिटरचे डिझेल आले आणि एमएम ५४० सारख्या गाड्यांत बसले.

हे तपशील सांगण्याचे कारण असे की जुन्या महिंद्राचे मोठेपण याच सातत्यात आहे. चासी, पाटे, ट्रान्सफर केस यांची मूळ रचना इतकी वर्षे जवळजवळ तीच राहिल्यामुळे सुटा भाग लहान गावातही मिळतो किंवा घडवून घेता येतो. पुण्याकडे ज्याला पाटे म्हणतात त्याला आमचे रायपूरचे मिस्त्री कमानी म्हणतात. शब्द कुठलाही वापरा, कोंडागावातही बदलून मिळतात. उलट बाजू अशी की ब्रेक, सुकाणू आणि बसण्याची सोय हीदेखील त्याच काळातली आहे. लांब हमरस्त्यावर ताशी ७० च्या पुढे ही गाडी नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सैन्याची दुसरी गाडी आपल्या शेजारची. जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसान पेट्रोलच्या परवान्याने जोंगा बनत असे. २००० पर्यंत रायपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते, त्यामुळे सैन्याच्या लिलावातल्या जोंगा या भागातही आल्या. जवळजवळ चार लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, जबरदस्त ताकद, आणि तितकीच तहान. जोंगा हौसेने जपायची गाडी आहे. चार दिवसांच्या सहलीसाठी पहिली गाडी म्हणून ती घेऊ नये.

जिप्सी, सफारी, थार

डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीने जिप्सी आणली. ९७० सीसीचे इंजिन, पेट्रोल, वजन कसेबसे टनभर. १९९६ मध्ये १.३ लिटरची जिप्सी किंग आली आणि तीच पुढे सैन्य, पोलीस आणि अभयारण्ये यांची ठरलेली गाडी झाली. हलकेपणा हाच तिचा गुण. भारी गाडी जिथे स्वतःच्या वजनाने बुडते, तिथे जिप्सी तरून जाते, आणि रुतली तरी चौघे मिळून हलवू शकतात. पण मागे समोरासमोरची आडवी बाके. ती सैनिकाला पटकन उतरता यावे म्हणून आहेत. लहान मुलांना अशा बाकावर बसवून दोनशे किलोमीटर नेणे मला मान्य नाही, मग चालक कितीही चांगला असो.

टाटांनी १९९१ मध्ये सिएरा आणि १९९८ मध्ये सफारी आणली. सफारीचा पहिला ग्राहक पाहिला, तर तो कुटुंबवाला होता. पुढे तोंड करून बसायच्या जागा, मागे सामानाला प्रशस्त डिकी, बटणाने फोर-व्हील लागते आणि लो रेंजही आहे. सैन्यच नंतर तिच्याकडे आले: २०१७ मध्ये सफारी स्टॉर्मच्या ३१९२ गाड्यांची मागणी नोंदवली गेली. जुनी सफारी स्वस्त असते त्याचे एक कारण म्हणजे बटणाची ही वीजव्यवस्था. स्विच, मोटर किंवा वायरिंग बिघडले की दांड्याप्रमाणे हाताने ओढून काम भागत नाही. दुसरी काळजी म्हणजे बहुतेक सफारी, स्कॉर्पिओ आणि बोलेरो दोन चाकी ताकदीच्याच विकल्या गेल्या. मागे चिकटवलेल्या '४×४' अक्षरांवर विसंबू नये. पुढच्या अ‍ॅक्सलवर डिफरन्शियलचा गोळा आहे का ते डोळ्यांनी पाहावे.

२०१० ची थार हौशी प्रवाशाला समोर ठेवून आली. तिच्यातले १०५ अश्वशक्तीचे सीआरडीई इंजिन आणि पुढचे टॉर्शन बार सस्पेन्शन रस्त्यावरही बरे चालते. पण तिच्याही मागे आडवी बाकेच होती आणि एअरबॅग नव्हत्या. २ ऑक्टोबर २०२० ची नवी थार ही मुळातच वेगळी गाडी आहे. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला चार तारे मिळाले. जुन्या बाजारात दोन्हींचे नाव एकच असल्याने नवखा फसतो. इंदूरजवळ पिथमपूरला बनणारी फोर्स गुरखा कमी दिसते, पण पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल लॉक असलेली इतकी साधी गाडी आपल्याकडे दुसरी नाही. तिच्या जुन्या २.६ लिटर इंजिनाचे मूळ मर्सिडीजमध्ये आहे, वेग बेताचा, आयुष्य दांडगे.

आपली माती

तुलना जमिनीशिवाय पुरी होत नाही. छत्तीसगडचा शेतकरी मातीला चार नावे देतो: भाटा, मटासी, डोरसा, कन्हार. भाटा म्हणजे मुरमाड, लाल; पावसातही तिच्यावर साधी गाडी चालते. कन्हार म्हणजे विदर्भातल्यासारखी काळी चिकण माती. पावसात ती टायरच्या खाचांत अशी भरते की चाक गुळगुळीत होते, आणि मग चारही चाके सारख्याच निष्फळतेने फिरतात. जुलै-ऑगस्टमध्ये कन्हारात जायचे असेल तर गाडी कोणती हा प्रश्न दुय्यम आहे. खोल खाचांचे टायर, लांब दोर आणि दुसरी गाडी सोबत हवी. वाळूत उलट, टायरमधली हवा कमी केली की साधी जिप्सीही पार होते.

आणखी एक तांत्रिक मुद्दा. या सगळ्या जुन्या गाड्यांत मध्यभागी डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळले, की पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि तो ताण ट्रान्सफर केस व शाफ्टवर येतो. हौशी मालकांनी अशाच वापराने पेट्या खराब केलेल्या असतात. म्हणून चाचणी मातीच्या मैदानात घ्यावी: लो रेंज लावून सरळ, मग पूर्ण वळण, मग उलट. खडखडाट आला किंवा दांडा आपोआप निसटला, तर तिथेच थांबावे.

कागदपत्रांचेही पाहायला हवे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० वरून ५००० रुपये झाले. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या सफारी आणि थार ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन आपल्याकडे येतात. इंजिन चांगले असू शकते. पण प्रमाणपत्र, कर आणि सीजी ०४ चा क्रमांक मिळेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.

विद्यार्थ्यांना मी आता असे सांगतो: दोघे-तिघे मित्र, हलके सामान, बारनवापाराच्या बाजूचे कच्चे रस्ते असतील, तर जिप्सी. घरची माणसे बरोबर असतील तर सफारी, खरी फोर-बाय-फोर असल्याची खात्री करून. माझ्याकडे सध्या २०११ ची सफारी आहे. तिचे बटण दोनदा दुरुस्त झाले आहे, पुढचा शाफ्ट जागेवर आहे, आणि फाटलेल्या तिरपालाचा उरलेला तुकडा अजून डिकीत अंथरलेला असतो.