ऐकण्याचा परवाना

टेबलावर ठेवायचा रेडिओ स्कॅनर घरी आणायचा तर सुरुवात कुठून करायची, असं माझ्या पुतण्यानं परवा मला विचारलं. मी कविता करणारा माणूस, बी.ए. झालेला. यंत्रातलं मला काही कळतं असा त्याचा समज कशावरून झाला, ते तोच जाणे. पण त्याला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो. आपल्या देशात या छंदाची सुरुवात दुकानापासून होत नाही, कायद्यापासून होते.

आधी हे यंत्र काय करतं ते पाहू. जुन्या रेडिओची चकती आपण हातानं फिरवायचो, काटा सरकायचा आणि खरखरीतून एखादं स्टेशन वर यायचं. स्कॅनर हे काम स्वतःच करतो. त्याला ठरावीक वारंवारिता नेमून दिल्या की तो एकेका ठिकाणी डोकावत जातो. शांतता असली की पुढं सरकतो, कुणी बोलत असलं की थांबतो. मधली खरखर गप्प करायला स्क्वेल्च नावाचं वेगळं बटण असतं. अमेरिकेत पोलीस आणि अग्निशमन दलाची बोलणी ऐकायला लोकांनी तो घरोघरी ठेवला. आपल्याकडं तसं का झालं नाही, याची गोष्ट मुंबईत सुरू होते.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. ऐकणाऱ्यानं वर्षाला दहा रुपये भरून परवाना घ्यायचा आणि त्यातला ऐंशी टक्के वाटा कंपनीला मिळायचा, असा हिशेब होता. दहा रुपये त्या काळी थोडे नव्हते आणि संच तर त्याहून कितीतरी महाग. परवाने फारसे खपले नाहीत. ज्यांच्याकडं संच होते त्यांतल्या अनेकांनी फुकट कान लावले. १९३० मध्ये कंपनी बुडाली. सरकारची अडचण अशी, की १८८५च्या तार कायद्यानुसार नुसता संच घरात ठेवणाऱ्याला पकडणं अवघड होतं. म्हणून १९३३ साली बिनतारी संदेशाचा स्वतंत्र कायदा आला आणि १ जानेवारी १९३४ पासून परवान्याशिवाय संच बाळगणं हाच गुन्हा ठरला. ‘बाळगणं’ हा शब्द पाहा. मराठीत माणूस शस्त्र बाळगतो, वैर बाळगतो. त्या यादीत रेडिओही जाऊन बसला.

१९३९ साली महायुद्ध पेटलं आणि हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने रद्द झाले. तरी ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक निघाली तेव्हा मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ उभा केला. पहिलं बिऱ्हाड चौपाटीवरच्या एका इमारतीत होतं. पुढं पोलिसांची चाहूल लागली की यंत्र उचलायचं आणि दुसरी जागा गाठायची, असा संसार सुमारे तीन महिने चालला. मला यातली सर्वांत विलक्षण वाटते ती एक वेगळीच बाब. ही भाषणं आज आपल्याला वाचायला मिळतात, कारण पोलिसांनी ती कान देऊन ऐकली आणि शब्दन् शब्द उतरवून घेतली. या केंद्राचा सर्वांत नेमाचा श्रोता म्हणजे इंग्रज सरकार! १२ नोव्हेंबर १९४२ रोजी, एका तंत्रज्ञाच्या फितुरीमुळं, प्रक्षेपण चालू असतानाच धाड पडली. उषाताईंना चार वर्षांची सजा झाली. येरवड्यातून त्या सुटल्या १९४६ साली.

स्वातंत्र्य आलं, परवाना राहिला. पोस्टात जायचं, पंधरा रुपये भरायचे आणि छोट्या पुस्तिकेत त्या वर्षाचं तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. आमच्या जुन्या नाशकातल्या घरी अब्बांची अशी पुस्तिका होती. शिधापत्रिकेच्या जोडीनं ती पत्र्याच्या पेटीत असे.

डिसेंबर १९७१च्या युद्धाच्या दिवसांतली गोष्ट. मी तेव्हा पाळण्यात होतो, अम्मीकडून ऐकलेलं सांगतो. खिडक्यांना काळे कागद लावलेले, आणि एका रात्री एक जमादार दारात. रेडिओ आहे का? आहे. परवाना? अब्बांनी पुस्तिका पुढं केली. मग त्यानं विचारलं, “कुठलं स्टेशन ऐकता?” पुस्तिकेत संचाची नोंद होती, मालकाचं नाव होतं, पत्ता होता. कोणतं स्टेशन ऐकायचं, याचा रकाना त्यात कुठंच नव्हता. शेजारचे मास्तर बाहेर आले आणि म्हणाले, “आम्हीही इथंच येतो बातम्या ऐकायला.” जमादार गेला. पण त्यानंतर आमच्या घरात एक रीत पडली, ती मी स्वतः मोठा होताना पाहिली. आकाशवाणीच्या मराठी बातम्या गल्लीला ऐकू जातील इतक्या मोठ्यानं लागत आणि रात्रीची बीबीसीची उर्दू सभा अब्बा संचाला कान टेकवून ऐकत. पुस्तिकेचं नूतनीकरण त्यांनी एकाही वर्षी चुकवलं नाही. १९८०च्या दशकात साध्या रेडिओचा परवाना रद्द झाला, तरी ती पेटीतच राहिली.

म्हणून पुतण्याला मी आधी कायदा सांगितला. १९७८च्या हौशी रेडिओच्या नियमांत तर बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं आहे, अशांसाठीही परवान्याचा वेगळा प्रकार होता. २०२३ साली संसदेनं नवा दूरसंचार कायदा केला. दुसऱ्याचे संदेश बेकायदा पकडणं हा त्यातही गुन्हाच आहे. देवळालीला तोफखान्याचं केंद्र आणि ओझरला विमानांचा कारखाना असलेल्या आपल्या जिल्ह्यात, गच्चीवर एरियल लावून भलतंच ऐकत बसणं शहाणपणाचं नाही. त्यातून आडनाव आमचं असेल तर मुळीच नाही.

सरळ वाट हॅमची. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेलं मूलही बसू शकतं. हा नुसता खेळ नाही. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा योगायोगानं हॅममंडळींचं एक पथक पोर्ट ब्लेअरमध्ये होतं. तिथले दूरध्वनी बंद पडले आणि माणसांच्या खुशालीचे निरोप त्यांच्या संचांवरून गेले.

परवाना हाती आला की खर्च एरियलवर करावा, यंत्रावर नंतर. घरातले एलईडी दिवे आणि स्वस्त चार्जर फार खरखर करतात, ते बंद करून पाहावेत. गोविंद स्वरूप यांनी पुणे-नाशिक रस्त्यालगत, नारायणगावजवळच्या खोडदला रेडिओ दुर्बीण उभारली, तीही हा गोंगाट तिथं कमी म्हणून. आणि पहिल्यांदा ऐकायला १४५.८०० मेगाहर्ट्झ चांगलं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचे अंतराळवीर हॅमशी बोलतात ते या वारंवारितेवर. स्थानक डोक्यावरून जातं जेमतेम दहा मिनिटं. येताना आवाज आकड्याच्या किंचित वर सापडतो आणि जाताना किंचित खाली.