कर्नलची बांधणी आणि कंपायलरचे इशारे : लिनक्सच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

संगणकाच्या यंत्रसामग्रीवर प्रत्यक्ष नियंत्रण ठेवणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल होय. 'सी' भाषेत लिहिलेल्या कर्नलचे यंत्रभाषेत रूपांतर करण्याचे कार्य कंपायलर करतो. भाषेच्या नियमांचा भंग झाल्यास तो 'चूक' दाखवून काम थांबवतो. परंतु रचना नियमात बसत असूनही संशयास्पद वाटल्यास केवळ 'इशारा' देऊन काम पुढे नेतो. त्या इशाऱ्याचे काय करावयाचे, हा निर्णय माणसावर सोपवलेला असतो. सामान्य प्रोग्राममधील दोष बहुधा त्या प्रोग्रामपुरता राहतो. कर्नलमधील दोष मात्र संपूर्ण यंत्राची सुरक्षितता धोक्यात आणतो. त्यामुळे इशाऱ्यांच्या हाताळणीचा इतिहास हा केवळ तंत्राचा नव्हे, तर शिस्तीचा आणि जबाबदारीचाही इतिहास आहे.

उद्दिष्टे :

१) कंपायलरच्या इशाऱ्यांची पूर्वपीठिका समजून घेणे.
२) लिनक्स कर्नलच्या विकासातील निवडक प्रसंगांच्या आधारे इशाऱ्यांचे मोल व मर्यादा तपासणे.
३) इशाऱ्यांविषयीच्या धोरणात झालेल्या बदलांची कारणमीमांसा करणे.

पूर्वपीठिका :

डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत 'सी' भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचे कर्नल त्या भाषेत नव्याने लिहिले गेले. प्रारंभीचे कंपायलर प्रोग्रामरवर विश्वास टाकणारे होते. तत्कालीन यंत्रांची क्षमता अल्प असल्याने कंपायलरने वेगाने रूपांतर करावे आणि काटेकोर तपासणीचे काम वेगळ्या साधनाने करावे, अशी विभागणी झाली. त्याच प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांचे १९७० च्या दशकातील 'लिंट' हे असे साधन होय. कापडावरचे धागेदोरे वेचून काढावेत, तसे ते प्रोग्राममधील संशयास्पद जागा वेचून दाखवी. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी हा कंपायलर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे लिंटच्या अनेक तपासण्या कंपायलरच्याच अंगी आल्या. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेले लिनक्स कर्नल जीसीसीच्याच आधारे वाढले.

इशाऱ्याचे मौन : २००३ व २००९ :

नोव्हेंबर २००३ मधील प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. लिनक्सची मूळ प्रत बिटकीपर या प्रणालीत होती व सोयीसाठी तिची एक प्रत सीव्हीएसमध्ये ठेवली जात असे. या दुय्यम प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसवल्या. वरकरणी ती चुकीचे पर्याय तपासणारी एक अट होती. परंतु तुलनेसाठी दोनदा लागणारे बरोबरचे चिन्ह तेथे एकदाच होते. परिणामी वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, हे तपासले जाण्याऐवजी तो शून्य केला जाई. म्हणजेच त्याला सर्वाधिकार मिळत. अटीमध्ये असे मूल्य भरल्यास जीसीसी इशारा देऊ शकतो. मात्र तो भाग जादा कंसात घातल्यास 'हे हेतुपुरस्सर आहे' असे मानून तो गप्प राहतो. घुसवलेल्या ओळीत तो कंस होता. हा बदल उघडकीस आला तो कंपायलरमुळे नव्हे, तर दुय्यम प्रत मूळ प्रतीशी जुळत नसल्याचे तपासणीत आढळल्यामुळे.

२००९ मध्ये वेगळाच धडा मिळाला. कर्नलच्या 'टन' या ड्रायव्हरमध्ये एका पॉइंटरचा वापर आधी झाला होता आणि तो रिकामा आहे का, याची तपासणी नंतर केली होती. ज्याअर्थी पॉइंटर वापरला गेला, त्याअर्थी तो रिकामा असू शकत नाही, असा तर्क करून कंपायलरने ती तपासणीच काढून टाकली. भाषेच्या नियमानुसार तर्क निर्दोष होता. कर्नलच्या दृष्टीने मात्र संरक्षक भिंत नाहीशी झाली होती. त्यानंतर अशा तपासण्या न वगळण्याची आज्ञा कर्नलच्या बांधणीत समाविष्ट करण्यात आली. इशारा नसणे म्हणजे दोष नसणे नव्हे, हे या दोन प्रसंगांतून स्पष्ट होते.

इशाऱ्यांचा गोंगाट :

याउलट खोट्या इशाऱ्यांची समस्याही तितकीच गंभीर ठरली. 'या चलाला कदाचित आरंभमूल्य दिलेले नाही' हा इशारा अनेकदा निराधार असे. तो शमवण्यासाठी कर्नलमध्ये चलाला त्याचेच मूल्य देणारा एक मॅक्रो वापरात होता. त्याने इशारा थांबे; परंतु पुढे त्याच जागी खरा दोष शिरला, तर तोही झाकला जाई. म्हणून २०२० मध्ये हा मॅक्रो काढून टाकण्यात आला. दुसरीकडे, टोरवाल्ड्स यांनी २०१६ मध्ये आणि जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीनंतर पुन्हा २०२० मध्ये हा इशाराच सरसकट बंद केला. उठसूट 'लांडगा आला' अशी हाक दिली, तर खऱ्या लांडग्याच्या वेळी कोणी धावत नाही, हेच तत्त्व येथे लागू पडते.

इशारा शमवण्याच्या घाईचे दुष्परिणाम कर्नलबाहेरही दिसले. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल संचातून, स्मृती तपासणाऱ्या साधनाची तक्रार दूर करण्यासाठी, यादृच्छिकता पुरवणारा भाग वगळला गेला. त्यामुळे गुप्त किल्ल्यांची विविधता प्रत्येक प्रकारात सुमारे ३२ हजारांवर आली. हा दोष मे २००८ मध्ये जाहीर झाला.

शिस्तबद्ध निर्मूलन व सक्ती :

यानंतरच्या काळात एकेक इशारा निवडून त्याची सर्व स्थळे तपासण्याची पद्धत रूढ झाली. कर्नलचा स्टॅक अत्यंत मर्यादित असल्याने चलत्या लांबीचे अ‍ॅरे धोकादायक होते. केस कुक व अन्य विकासकांच्या प्रयत्नांनी डिसेंबर २०१८ मधील ४.२० या आवृत्तीत ते हद्दपार झाले. 'स्विच' रचनेत एका पर्यायातून पुढच्या पर्यायात घसरण्याविषयीचा इशारा २०१९ मधील ५.३ या आवृत्तीपासून सर्वत्र लागू झाला. त्यासाठी गुस्ताव्हो सिल्व्हा यांनी मोठ्या संख्येने स्थळे तपासली. बहुतेक ठिकाणी घसरण हेतुपुरस्सर होती. काही ठिकाणी मात्र 'ब्रेक' खरोखरच विसरलेला आढळला.

सप्टेंबर २०२१ मध्ये, ५.१५ या आवृत्तीच्या जडणघडणीत, टोरवाल्ड्स यांनी प्रत्येक इशाऱ्यास चूक समजून बांधणी थांबवण्याचे धोरण सर्वांसाठी लागू केले. परंतु यंत्ररचना व कंपायलर यांच्या विविधतेमुळे अनेकांच्या बांधण्या अडल्या. त्यामुळे काही दिवसांतच ही सक्ती मुख्यतः चाचणीसाठीच्या बांधणीपुरती ठेवण्यात आली व इतरांसाठी ती ऐच्छिक राहिली. आजचा निर्दोष मजकूर उद्याच्या कंपायलरला संशयास्पद वाटू शकतो, ही सार्वत्रिक सक्तीची मर्यादा होय.

निष्कर्ष :

१) इशारा हा निर्णय नसून प्रश्न आहे, त्याचे उत्तर मजकूर वाचूनच द्यावे लागते.
२) इशारा शमवणे आणि दोष दूर करणे या भिन्न कृती आहेत. पहिलीला दुसरी समजल्यास दोष अधिक खोल दडतो.
३) इशाऱ्यांची विश्वासार्हता त्यांच्या मोजकेपणावर अवलंबून असते, म्हणून निरर्थक इशारे बंद करणे हाही शिस्तीचाच भाग ठरतो.
४) २००३ चा प्रसंग दर्शवतो त्याप्रमाणे कंपायलरची दक्षता मानवी पडताळणीला पूरक आहे, पर्यायी नव्हे.

लिंटपासून ५.१५ पर्यंतच्या या वाटचालीत तपासणीचे बरेचसे ओझे यंत्राने उचलले आहे. उत्तरदायित्व मात्र यंत्राकडे सोपवता आलेले नाही, हेच या इतिहासाचे सार म्हणता येईल.