करमाफीची यादी आणि विड्याचे पान

कर किती बसला याची चर्चा घरोघरी होते. परंतु कर कशावर बसला नाही, आणि का बसला नाही, याचा इतिहास सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः करमाफ जिन्नसांची यादी म्हणजे सरकारच्या मनातील सामान्य संसाराचे चित्रच होय. ते चित्र आपल्या संसाराशी जुळतेच असे नाही.

१९३५ च्या कायद्याने विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार प्रांतांस मिळाला. मद्रास प्रांताने १९३९ साली सर्वसाधारण विक्रीकर सुरू केला. मुंबईने १९४६ साली आणि मध्यप्रांत-वऱ्हाडाने १९४७ साली तसेच कायदे केले. असा कर रावास आणि रंकास एकाच दराने लागतो, आणि गरिबाची मिळकत बहुतांशी पोटापाण्यातच खर्च होत असल्याने बोजा त्याच्यावर अधिक पडतो. म्हणून कायद्यास परिशिष्ट जोडून काही नित्याचे जिन्नस वगळण्याची पद्धत पडली. पाटीवर भाजी विकणारीकडून हिशेबाच्या वह्या मागणे व्यवहार्य नव्हते, हेही एक कारण होतेच.

वऱ्हाडच्या कायद्याच्या परिशिष्टात भाजीपाला हा एक जिन्नस होता आणि विड्याची पाने हा निराळा. १९४८ च्या दुरुस्तीने पाने यादीतून गेली. पुढे अकोल्याच्या पानांच्या व्यापाऱ्यांवर विक्रीकराची आकारणी झाली, तेव्हा ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे सरळ होते : पान वेलीवर उगवते, हिरवे असते, मग ती भाजी का नव्हे? १९६१ साली न्यायालयाने ते अमान्य केले. शब्दाचा अर्थ वनस्पतिशास्त्रातून न घेता लोकांच्या बोलण्यातून घ्यावयाचा. भाजी म्हणजे परसात पिकणारी व ताटात वाढली जाणारी वस्तू, असा त्या निर्णयाचा आशय आहे. शिवाय कायदेमंडळाने दोन जिन्नस वेगळे लिहिले होते, याचाच अर्थ ते त्यास एक वाटत नव्हते. आमच्या मते निर्णय बिनतोड आहे. लग्नाच्या सुपारीपासून पंगतीच्या शेवटापर्यंत पानावाचून आपले काही अडत नाही काय, हा प्रश्न मात्र न्यायालयापुढे नव्हताच. तो १९४८ साली यादी सुधारणाऱ्यांनी विचारावयाचा होता.

कॅनडातील एका न्यायाधीशाने १९५१ साली हीच कसोटी लावली होती : घरधन्यास रात्रीच्या जेवणासाठी फळे वा भाजी आणावयास सांगितले, तर तो खारे शेंगदाणे घेऊन येईल काय? याच न्यायाने आपल्याकडे १९६२ साली ऊस भाजीतून बाहेर पडला आणि १९७७ साली ओले आले भाजीत आले.

सारीच सूट मात्र गरिबांकडे पाहून दिली गेली नाही. १९५७ साली गिरणीचे कापड, साखर व तंबाखू यांवर केंद्राने जादा अबकारी कर बसविला आणि त्याच्या मोबदल्यात राज्यांनी विक्रीकर सोडला. कारखान्याच्या दाराशी वसुली सोपी, एवढेच त्याचे कारण. पानास न मिळालेली सूट तंबाखूस मिळाली ती अशी!

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवाकर आला. तेव्हापासून ही यादी राज्याच्या विधिमंडळात ठरत नाही. केंद्र व राज्ये यांच्या परिषदेत तीन-चतुर्थांश मतांनी शिफारस होते. एकट्या महाराष्ट्रास एखादा जिन्नस वगळावयाचा म्हटले तरी वगळता येत नाही. त्या पहिल्या यादीत कुंकू, टिकली आणि काचेच्या बांगड्या करमुक्त होत्या. पण मासिक पाळीत लागणाऱ्या सॅनिटरी नॅपकिनवर मात्र १२ टक्के कर होता. स्त्रीचे सौभाग्य आवश्यक आणि तिचे आरोग्य करपात्र, असा हा विचार! देशभरातील स्त्रियांनी आवाज उठविला आणि २७ जुलै २०१८ पासून तो कर गेला. स्मरणिकेच्या पानांत असा विषय कशास, असे कोणास वाटेल. परंतु संकोचामुळे जे बोलले जात नाही, ते यादीतही येत नाही.

आपल्या ज्ञातिबांधवांपैकी ज्यांची किराण्याची दुकाने आहेत, त्यांस पुढचा टप्पा ठाऊकच आहे. १८ जुलै २०२२ पासून सुटा गहू करमुक्त राहिला, आणि तोच गहू २५ किलोपर्यंतच्या छापील वेष्टनात आला की त्यावर ५ टक्के कर लागू लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार पोळी आणि खाकरा करमुक्त झाले. पण त्यांच्यासाठी लागणाऱ्या वेष्टनबंद कणकेवरचा ५ टक्के कर मात्र त्या फेरबदलात तसाच राहिला.