नाव अंडाशयाचे, दुखणे साऱ्या शरीराचे

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाताना मुळशी धरणाच्या परिसरात माले हे गाव लागते. तिथे काही शिक्षकांबरोबर शरीरविज्ञानाच्या पाठांविषयी आम्ही बोलत होतो. चहाच्या वेळी एक बाई बाजूला येऊन म्हणाल्या, “आमच्या दहावीतल्या एका मुलीला चार-चार महिने पाळी येत नाही. हनुवटीवर केस येतात म्हणून ती पुढच्या बाकावर बसायला तयार नसते. तिची आई म्हणते, लग्न झाले की सगळे आपोआप सुरळीत होईल. आम्ही काय सांगावे?”

त्या आईला हसण्याचे कारण नाही. पाळीचा प्रश्न म्हणजे मूल होण्याचा प्रश्न, असे डॉक्टरही कित्येक वर्षे मानत होते. हा समज कसा तयार झाला आणि कसा मोडला, हे पाहिल्याशिवाय बाईंच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही.

१९२१ हे साल मुळशी खोऱ्याला परके नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला तो त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये. पुढे सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये आशार आणि तिएर या दोन डॉक्टरांनी ‘दाढी असलेल्या स्त्रियांचा मधुमेह’ अशा नावाने एक निरीक्षण प्रसिद्ध केले. योगायोग असा, की टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट इन्शुलिन वेगळे काढण्याच्या खटपटीत होते तेही याच वर्षी. स्त्रीच्या चेहऱ्यावरचे केस आणि रक्तातील साखर यांचा काही संबंध असावा, एवढे पॅरिसच्या डॉक्टरांना दिसले होते. तो संबंध कोणता, हे शोधण्याची साधने मात्र तेव्हा नव्हती.

चौदा वर्षांनी, १९३५ मध्ये, शिकागोतील स्टाइन आणि लेव्हेंथल या स्त्रीरोगतज्ज्ञांनी सात स्त्रियांची हकीकत छापली. त्यांची पाळी अनियमित किंवा बंद होती आणि दोन्ही अंडाशय मोठे होऊन त्यांत लहान लहान पुटिका दाटलेल्या होत्या. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून अंडाशयांचा बराचसा भाग पाचरीसारखा कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले. या यशामुळे दुखण्याला अंडाशयाचेच नाव पडले. आज आपण त्याला पीसीओएस, म्हणजे बहुपुटिक अंडाशयाचा लक्षणसमूह, म्हणतो. पाळी आली, मूल झाले, की उपचार संपला. साखरेची १९२१ मधली खूण मागे पडली.

नावाने आणखी एक घोटाळा केला. या पुटिका म्हणजे गाठी नव्हेत. दर महिन्याला अंडाशयात काही बीजपुटिका वाढू लागतात. त्यांतली एक पूर्ण वाढून बीज बाहेर टाकते. या स्त्रियांमध्ये त्या अर्ध्या वाटेवर थांबतात. अशा थांबलेल्या बीजपुटिकाच सोनोग्राफीत मण्यांसारख्या दिसतात. मग त्या थांबतात कशामुळे?

उत्तरासाठी रक्तातले इन्शुलिन मोजता येणे आवश्यक होते. ती पद्धत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास अमेरिकेत बसवली. यालो यांना त्याबद्दल १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८० मध्ये मेम्फिस येथील बर्गन, गिव्हन्स आणि किटाबची यांनी पीसीओएस असलेल्या काही स्थूल स्त्रियांचे इन्शुलिन मोजले. तितक्याच स्थूल पण निरोगी स्त्रियांपेक्षा ते जास्त निघाले. शिवाय इन्शुलिन जितके जास्त, तितकी पुरुषी संप्रेरकेही जास्त होती. १९८९ मध्ये आंद्रेया डुनाइफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की या स्त्रियांच्या पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत, आणि याचे कारण केवळ वजन नव्हे.

हे कसे घडते? घरात एकाला कमी ऐकू येत असेल, तर त्याच्यासाठी आपण आवाज चढवतो. पण ज्यांचे कान चांगले आहेत त्यांचे कान किटतात. इथे कमी ऐकतात ते स्नायू. रक्तातली साखर उचलण्याचा इन्शुलिनचा निरोप त्यांना नीट पोहोचत नाही, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडते. अंडाशयाचे कान मात्र शाबूत असतात. त्या चढ्या आवाजाने ते जास्त पुरुषी संप्रेरके तयार करतात. एरवी या संप्रेरकांना बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृत बनवते. तेही कमी होते, त्यामुळे मोकळी संप्रेरके वाढतात. बीजपुटिका थांबतात, पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात.

आता हृदयाकडे येऊ. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी एका गाजलेल्या व्याख्यानात सांगितले, की इन्शुलिनला दाद न देणे, वाढलेला रक्तदाब, रक्तातील जास्त ट्रायग्लिसराइड आणि कमी झालेले चांगले कोलेस्टेरॉल ही मंडळी एकत्र वावरतात आणि हृदयविकाराची वाट मोकळी करतात. पीसीओएस असलेल्या अनेक स्त्रियांमध्ये नेमकी हीच मंडळी ऐन तरुणपणी हजर असतात.

म्हणजे त्यांना हृदयविकार होणारच का? इथे विज्ञानाची चाल विद्यार्थ्यांना दाखवण्याजोगी आहे. १९९२ मध्ये स्वीडनमधील डालग्रेन आणि सहकाऱ्यांनी वीस-तीस वर्षांपूर्वी पाचर-शस्त्रक्रिया झालेल्या ३३ स्त्रिया तपासल्या आणि त्यांच्या धोक्याच्या घटकांवरून गणित मांडले: हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सातपटींहून अधिक! आकडा जगभर फिरला. पण ते भाकीत होते, मोजणी नव्हे. १९९८ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी जुन्या रुग्णालयीन नोंदींतून अशा ७८६ स्त्रियांचा माग काढला. हृदय व रक्ताभिसरणाच्या विकारांनी झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त निघाले नाहीत. मधुमेहाची नोंद मात्र मृत्यूच्या दाखल्यांवर अपेक्षेपेक्षा जास्त वेळा सापडली.

तेव्हा सातपटीची भीती खोटी ठरली, पण धोका नाहीसा झाला नाही. त्यानंतरच्या अभ्यासांचा ताळा मांडून २०२३ मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका निघाली. पीसीओएस हा हृदयविकाराच्या धोक्याचा घटक मानावा, असे तिने स्पष्ट सांगितले. तरुण वयात प्रत्यक्ष झटक्याचे प्रमाण कमीच असते, हेही त्यात नोंदवले आहे. नावामुळे दिशाभूल होते, ते बदलावे, अशी शिफारस अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०१२ सालीच केली होती.

आपल्याकडे या कथेला आणखी एक वळण आहे, आणि ते पुण्यातूनच जाते. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास सुरू केला. इथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे हाडा-मांसाने बारीक होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. ‘कृश पण मेदयुक्त’ अशा या शरीराचे उदाहरण डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये स्वतःवरूनच दिले. ते आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. युडकिन या दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! काटा सारखा, आत काय साठले ते निराळे.

म्हणून ‘अंगाने बारीक आहे, तिला कसली साखर?’ हा आपला अंदाज फसतो. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वयाच्या मुलींचा अभ्यास केला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रूढ निकषांनुसार २२.५ टक्के, तर कडक निकषांनुसार १०.७ टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळला. त्यांतल्या बहुतेक स्थूल नव्हत्या.

माल्याच्या बाईंना आम्ही जे सांगितले ते आता लिहितो. पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात अनियमितपणा स्वाभाविक असतो. पहिल्या वर्षानंतर मात्र एकदाही ९० दिवसांहून मोठा खंड पडला, किंवा तीन वर्षे उलटूनही ३५ दिवसांहून अधिक अंतर वारंवार पडत असेल, तर डॉक्टरांकडे जायला हवे. मुलीने पाळीच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. ही नोंद डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते. पाळी सुरू होऊन आठ वर्षे होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असे मार्गदर्शिका सांगते, तेव्हा त्यासाठी घाई करून पैसे खर्चू नयेत. निदान झाले तर रक्तदाब दर वर्षी, साखर सुरुवातीला आणि मग एक ते तीन वर्षांनी तपासावी. रक्तातील मेदाचीही एकदा तपासणी करावी. रोजची हालचाल, खेळ, बेताचा आणि सकस आहार यांचा फायदा वजन न घटताही होतो. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

आणि आईला काय सांगायचे? लग्नाने स्नायूंचे कान सुधारत नाहीत. पाळी ही फक्त मूल होण्याची तयारी नसते, ती साऱ्या शरीराच्या कारभाराची वर्दीही असते. वर्दी पंधराव्या वर्षी मिळाली, तर पन्नाशीतले हृदय सांभाळायला पस्तीस वर्षे हाताशी असतात.

बाईंनी वहीत लिहून घेतले. मग म्हणाल्या, “तिच्या आईला उद्याच बोलावते. पण आधी वर्गात तिच्या हनुवटीवरून हसणाऱ्यांना हा धडा शिकवते.” आम्हाला वाटते, सुरुवात तिथूनच व्हायला हवी.