माका आणि ‘म्हणे’ : एका कंदाच्या इतिहासातील शब्दसाक्ष

मराठी वाचकाला ‘माका’ म्हटले की भृंगराज आठवतो आणि ‘मका’ म्हटले की कणीस. प्रस्तुत टिपणाचा विषय या दोहोंपैकी कोणताही नव्हे. पेरू देशातील मध्य अँडीज पर्वतात हुनीन नावाचे सरोवर आहे. त्याचे जुने नाव चिंचायकोचा. त्याच्या भोवतालच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० ते ४,४०० मीटर उंचीवर, मुळ्याच्या कुळातील एक ठेंगणी वनस्पती पिकविली जाते. तिच्या गोल, मांसल कंदास माका म्हणतात. वालपर्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये तिला ‘लेपिडियम मेयेनी’ असे नाव दिले. आपल्या घरी बाळंतिणीला ज्याचे लाडू देतात तो अहळीव याच ‘लेपिडियम’ प्रजातीतला आहे. एका ठिकाणी बी, दुसऱ्या ठिकाणी कंद; तेव्हा या नात्यावरून गुणसाम्याचा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. तथापि दोन्हींचा संबंध लोकसमजुतीने संततीशी जोडावा, ही गोष्ट कुतूहलाची खरी.

आज जगभर माक्याची पूड ‘इंका योद्ध्यांचे प्राचीन कामोत्तेजक’ म्हणून विकली जाते. या विधानातील प्राचीनता कागदपत्रांत कितपत आढळते, एवढाच येथे प्रश्न आहे.

चिंचायकोचा प्रदेशाची स्पॅनिश अधिकाऱ्यांनी १५४९ साली पाहणी केली. त्या पाहणीच्या कागदांत माका येतो तो पीक म्हणून, करवसुली आणि देवघेव यांच्या संदर्भात. गुणवर्णन येते ते शंभर वर्षांनी. बेर्नाबे कोबो हा जेझुइट पाद्री १५९९ मध्ये पेरूत आला आणि त्याने आपला नव्या जगाचा इतिहास १६५३ मध्ये पूर्ण केला. हा ग्रंथ सेव्हिल येथे छापून निघाला तो मात्र १८९० ते १८९३ या काळात. कोबोच्या माक्यासंबंधीच्या मजकुरात तीन गोष्टी आहेत. जेथे माणसाच्या पोटासाठी दुसरे काही पिकत नाही अशा अतिथंड जागी हा कंद होतो; चिंचायकोचाच्या लोकांची भाकर म्हणजे हाच कंद; आणि तो अतिशय उष्ण असल्यामुळे आपली प्रजा वाढते असे ते लोक सांगतात. यास जोडून कोबो आपले निरीक्षण नोंदवितो की, इतर प्रांतांतील मूळ रहिवासी घटत चालले असता या प्रांतातील मात्र वाढले आहेत.

या मजकुराचा काळ ध्यानी घेतला पाहिजे. देवी-गोवराच्या साथी आणि खाणींतील सक्तीची मजुरी यांनी अँडीजमधील वस्ती ओस पडत होती. अशा वेळी ‘प्रजा वाढते’ या शब्दांचा विषय व्यक्तीची कामेच्छा हा नव्हे. एका समाजाचे टिकून राहणे हा आहे. त्याचे कारण माकाच होता, की त्या उंचीवर साथींचा जोर कमी पडला, हे कोबोच्या साक्षीवरून ठरत नाही. ‘उष्ण’ हा शब्दही सावधपणे वाचावयास हवा. तो युरोपीय दोषविचारातील पारिभाषिक शब्द आहे. उष्ण-थंड ही जोडी आपल्याही तोंडी असल्यामुळे मराठी वाचकास तो अर्थ फार लवकर कळल्यासारखा वाटतो, आणि धोका आहे तो तेथेच.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. केचुआ भाषेत वक्ता स्वतः पाहून बोलत आहे की ऐकून, हे दर्शविणारे प्रत्यय आहेत. मध्य पेरूतील बोलींत पहिल्या अर्थी ‘मि’ आणि दुसऱ्या अर्थी ‘शि’ असा प्रत्यय लागतो. ‘पाऊस पडला’ आणि ‘पाऊस पडला म्हणे’ यांतील जो भेद, तोच हा. चिंचायकोचाच्या शेतकऱ्याने आपले विधान अनुभवाचे म्हणून केले, की वाडवडिलांचे म्हणून? स्पॅनिश वाक्यात तो प्रत्यय उतरला नाही. ‘लोक सांगतात’ एवढेच उरले, आणि पुढील लेखकांनी तेही गाळले.

जनावरांसंबंधीची परंपराही याच प्रकारची आहे. हाउहा या उंचावरील नगरात डुकरे, घोड्या व कोंबड्या यांची वीण होत नाही अशी तक्रार स्पॅनिश वसाहतवाल्यांनी १५३४ मध्ये केली होती. राजधानी समुद्रकाठी लिमा येथे नेण्यामागील कारणांपैकी ते एक होते. नव्याने आलेल्या जनावरांस माका चारावा, असे पठारावरील लोकांनी सुचविल्याचे पुढे सांगितले जाऊ लागले. येथेही रोख वंशवृद्धीवर आहे. इपोलितो रुइस हा स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ १७७८ ते १७८८ या काळात पेरूत हिंडला. त्याच्या वृत्तांतात मात्र फलनशक्तीबरोबर उत्तेजक गुणाचाही उल्लेख येतो. अर्थांतराची पायरी ती ही. योद्ध्यांची कथा मला या कोणाकडेही आढळली नाही.

पठारावरील व्यवहारात माका हे आधी अन्नच होते. कंद उन्हात आणि रात्रीच्या हिमात आळीपाळीने वाळवितात. मग ते वर्षानुवर्षे टिकतात. खाताना पाण्यात वा दुधात शिजवितात. कच्चा खाणे प्रकृतीस वाईट अशी तेथील समजूत आहे. सुक्या कंदात सुमारे १० टक्के प्रथिने आणि ५९ टक्के पिष्टमय पदार्थ आढळले आहेत. ज्या ‘मॅकामाइड’ द्रव्यांचा आज बोलबाला आहे ती बहुतांशी वाळविण्याच्या क्रियेतच तयार होतात. म्हणजे औषधी म्हणून जे विकले जाते त्यातही शेतकऱ्याच्या साठवणुकीचा वाटा आहे.

प्रयोगांची साक्ष मर्यादित आहे. लिमा येथील गुस्तावो गोन्सालेस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बारा आठवड्यांच्या प्रयोगात पुरुषांची कामेच्छा वाढलेली दिसली. रक्तातील टेस्टोस्टेरॉन मात्र बदलले नाही. त्यांच्याच २००१ मधील शुक्रजंतूंवरील पाहणीत अवघे नऊ पुरुष होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २०१० मध्ये झालेल्या समीक्षेला विचारात घेण्याजोगे चारच प्रयोग सापडले आणि तिने पुरावा अपुरा ठरविला.

होर्हे लेओन याने १९६४ मध्ये माक्यावर लेख लिहिला तेव्हा त्यास ‘अल्पपरिचित अन्नवनस्पती’ असेच म्हटले होते. १९८२ मध्ये ते लोप पावण्याच्या वाटेवरील पीक गणले गेले. पुढच्या वीस वर्षांत पारडे फिरले. २००१ मध्ये माक्याच्या अर्कावर अमेरिकेतील एका कंपनीस पेटंट मिळाले. चीनने २०११ मध्ये माक्याच्या पुडीस अन्न म्हणून मान्यता दिली, युन्नान प्रांतात लागवड वाढली आणि २०१४ मध्ये परदेशी खरेदीदार थेट हुनीनच्या पठारावर उतरले.

पेटंटाविरुद्ध पेरूने २००३ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेपुढे आपली बाजू मांडली. या अर्कात नवे काही नाही, हा गुण पूर्वीपासून ज्ञात आहे, हे दाखविण्यासाठी परंपरागत वापराच्या पूर्वीच्या नोंदी पुढे करण्यात आल्या. वैद्यकाच्या दृष्टीने जी साक्ष केवळ ‘म्हणे’ या योग्यतेची, तीच कायद्याच्या दृष्टीने पुरावा ठरते, कारण तेथे प्रश्न गुण खरा की खोटा हा नसून तो प्रथम कोणी सांगितला हा असतो. आणि तो प्रथम सांगणाऱ्या चिंचायकोचाच्या शेतकऱ्याचे नाव कोबोने लिहून ठेवलेले नाही.