लैंगिक अत्याचारानंतर घरच्यांनी काय करावं, काय टाळावं

लैंगिक अत्याचार झालेली व्यक्ती सहसा आधी डॉक्टरकडे किंवा पोलिसांकडे जात नाही. ती आईला सांगते, बहिणीला, मावशीला, कधी शाळेतल्या बाईंना. त्या पहिल्या माणसाच्या बोलण्यावर बरंच ठरतं: ती उपचारांना येईल, की पुन्हा कधी तोंडच उघडणार नाही. हा लेख त्या पहिल्या माणसासाठी आहे. इथे 'ती' असं लिहिलं असलं तरी मुलगे आणि पुरुष यांच्यावरही अत्याचार होतात, आणि त्यांचं सांगणं तर बरेचदा हसण्यावारी नेलं जातं.

ऐकताना

"ओरडली का नाहीस?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. तीव्र भीतीच्या वेळी शरीर पळतं किंवा प्रतिकार करतं, तसंच ते थिजूनही जातं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. हे मेंदूकडून आपोआप घडतं, त्यावर इच्छेचा ताबा नसतो. त्यामुळे ओरडली नाही किंवा अंगावर जखमा नाहीत, याचा अर्थ संमती होती असा होत नाही. घटनेचा क्रम नीट न आठवणं, काही तुकडेच आठवणं, हेही अशा धक्क्यानंतर नेहमी दिसतं. ती खोटं बोलते आहे असं त्यावरून ठरवू नका.

"माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी चूक नाही. पुढे काय करायचं ते आपण मिळून ठरवू." एवढं बोललात तरी पुरे. तपशील खोदून विचारू नका. जवळ घेण्याआधीही तिला चालेल का, ते विचारा.

वडील आणि भाऊ यांच्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. "त्याला जिवंत सोडणार नाही" हा संताप समजण्यासारखा आहे. पण तो घरात उसळला की त्याला शांत करण्याचं काम त्या मुलीवरच येऊन पडतं, आणि आपण सांगितलं हीच चूक झाली असं तिला वाटू लागतं.

पहिले पाच दिवस

वैद्यकीय मदतीला वेळेची मर्यादा आहे, म्हणून "उद्या बघू" नको. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळी ७२ तासांच्या आत सर्वात उपयोगी असते. पाचव्या दिवसापर्यंत ती देता येते, पण परिणाम कमी होत जातो. शिवाय हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, लैंगिक संसर्गावरची औषधं आणि जखमांवर उपचार असतात. नंतर पाळी चुकली तर लगेच तपासणी करून घ्या. अशा गर्भधारणेत २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो.

शक्य असेल तर तपासणीआधी आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. ते कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता वर्तमानपत्रात किंवा कागदी पिशवीत ठेवावेत, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल धरून नमुने खराब होतात. आंघोळ झाली असली, दोन दिवस उलटले असले, तरी या. नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात, आणि उपचार तर त्यानंतरही लागतातच.

सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने असे उपचार ताबडतोब आणि मोफत द्यायचे असतात. आधी एफआयआर आणा, असं कुणी म्हणू शकत नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं. पण प्रौढ व्यक्तीला तक्रार करायची नसेल तर तसं लिहून देता येतं, आणि त्यामुळे उपचार अडत नाहीत. तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला नकार देण्याचा तिला हक्क आहे. 'दोन बोटांची तपासणी' अशास्त्रीय आहे. ती करणं गैरवर्तन मानलं जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

करणारा घरातलाच असेल तर

हा सगळ्यात अवघड प्रसंग, आणि दुर्मीळ मुळीच नाही. काका, आतेभाऊ, सावत्र वडील, सख्खे वडीलसुद्धा. घर मोडेल, धाकटीचं लग्न जमणार नाही, कमावता हात जाईल, अशा भीतीपोटी मग मुलीला 'काही दिवस मामाकडे' पाठवतात. तिची शाळा सुटते, मैत्रिणी तुटतात, आणि ज्याने केलं तो त्याच ओट्यावर बसून चहा पितो. मुलीला यातून एकच कळतं, की शिक्षा आपल्याला झाली. बाहेर जायला हवं ते त्याने. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार (२००५) न्यायालय अशा पुरुषाला घर सोडण्याचा आदेश देऊ शकतं. त्यासाठी जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

१८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत 'घरातच मिटवू' हा पर्यायच नाही. पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) ज्याला माहीत आहे त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टरलाही. मुलाला आणि त्या माणसाला समोरासमोर बसवून 'खरं काय ते' विचारू नका. मूल तिथे बहुधा शब्द फिरवतं, आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. माफीनामा, पैसे किंवा त्याच्याशीच लग्न लावून देणं, यातलं काहीही तोडगा नाही.

नवऱ्याकडून होणारी जबरदस्ती आजच्या फौजदारी कायद्यात, पत्नी सज्ञान असेल तर, बलात्कार धरली जात नाही. पण वर सांगितलेल्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळ येतो, आणि वैद्यकीय उपचार अगदी तसेच मिळतात.

शेजारी, नातेवाईक, गाव

तिची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सहानुभूती म्हणून टाकलेल्या संदेशातूनही ती उघड होऊ शकते. जातपंचायतीने कुटुंबाला वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. मदत करायची तर साधी करा: तारखेला सोबत जा, त्या दिवशी तिची लहान मुलं सांभाळा, डबा पोचवा. भरपाईसाठी राज्यात 'मनोधैर्य' योजना आहे, तिची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करावी.

पुढचे महिने

झोप न लागणं, दचकणं, त्या रस्त्याने जायला नकार, चिडचिड हे सुरुवातीला अपेक्षित आहे. लहान मुलं पुन्हा अंथरूण ओलं करू लागतात. महिन्यानंतरही हे कमी झालं नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. समुपदेशन आणि गरज पडल्यास औषधं यांचा चांगला उपयोग होतो. मरणाची भाषा आली तर मात्र महिनाभर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. 'विसरून जा' असं म्हणू नका. ती महिनाभर ठीक दिसेल आणि न्यायालयाच्या तारखेआधी पुन्हा कोसळेल, असंही होतं.

महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीसाठी ११२, मानसिक आरोग्यासाठी टेलीमानस १४४१६. अनेक जिल्ह्यांत 'सखी' केंद्रं आहेत, तिथे उपचार, पोलीस आणि वकील यांची मदत एकाच जागी मिळते. करणारा घरातच असेल तर तो फोन तपासू शकतो, म्हणून हे क्रमांक पाठ करून ठेवा किंवा शेजारणीच्या फोनवरून लावा.