बधिर झालेला डोळा

शस्त्रवैद्यकाच्या इतिहासांत १८४६ हें वर्ष मोठ्या भाग्याचें मानिलें जातें. त्या वर्षीं बोस्टन येथें ईथर हुंगवून रोग्यास वेदनामुक्त करण्याचा प्रयोग सर्वांसमक्ष यशस्वी झाला. नेत्रवैद्यांची अडचण मात्र पुरती दूर झाली नाहीं. वैद्य सांगेल तिकडे रोग्यानें दृष्टि वळवावी, तर तो जागा हवा. आणि ईथरच्या गुंगींतून उठतांना तो ओकूं लागला, तर नुकताच चिरलेला डोळा कायमचा जाण्याचें भय.

व्हिएन्ना येथील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरास याच प्रश्नानें पछाडिलें होतें. कोकाच्या पानांतील कोकेन हें सत्त्व अल्बर्ट नीमान या जर्मन रसायनज्ञानें १८६० सालींच वेगळें काढिलें होतें, व त्यानें जीभ बधिर होते हेंहि नमूद केलें होतें. १८८४ सालीं कोलरचा स्नेही सिग्मंड फ्रॉइड, पुढें मानसशास्त्रामुळें जगप्रसिद्ध झालेला तोच, या पदार्थाचे इतर गुण तपाशीत होता. जिभा अनेकांच्या बधिर झाल्या होत्या. पण जें जिभेस बधिर करितें तें डोळ्यास कां करणार नाहीं, हा प्रश्न धसास लाविला तो कोलरनें. त्यानें बेडकाच्या डोळ्यांत द्रावणाचा थेंब टाकिला. थोड्याच वेळांत त्या डोळ्यास स्पर्श केला तरी बेडूक हालेना! पुढें इतर प्राण्यांवर, व अखेर स्वतःच्या डोळ्यावर त्यानें तोच प्रयोग केला.

१५ सप्टेंबर १८८४ रोजीं हायडेलबर्गच्या नेत्रवैद्य-परिषदेंत हा शोध जाहीर झाला. प्रवासखर्चास पैसे नसल्यामुळें कोलर स्वतः जाऊं शकला नाहीं. निबंध दुसऱ्या डॉक्टरानें वाचून दाखविला.

या वरदानाला शापहि जडलेला होता. न्यूयॉर्कचे थोर शस्त्रवैद्य हॉल्स्टेड स्वतःवर प्रयोग करतां करतां कोकेनच्या व्यसनांत सांपडले. म्हणून निर्धोक पर्यायाचा शोध सुरू झाला. आइनहॉर्नचें नोव्होकेन १९०५ सालीं प्रचारांत आलें. १९४३ सालीं स्वीडनमध्यें लोफग्रेन यानें लिडोकेन तयार केलें.

हीं औषधें करितात तरी काय? १९५२ सालीं हॉजकिन व हक्स्ले यांनीं दाखविलें कीं, सोडियमचे विद्युद्भारित कण मज्जातंतूंत शिरल्यानेंच संदेश पुढें सरकतो. त्या कणांचीं सूक्ष्म द्वारें हीं औषधें अडवून धरितात, हें पुढील संशोधनानें सिद्ध झालें. जखम होते, पण तिची वार्ता मेंदूपर्यंत पोंचत नाहीं.

आज दंतवैद्यासमोर निर्धास्तपणें तोंड उघडणारा मनुष्य त्या बेडकाचा व त्या निर्धन डॉक्टराचा ऋणी आहे.